शेवटी डॉट इन आहे म्हणून भुलू नका; साइटचं नाव कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

परवा विट्याच्या बाजारात ओळखीच्या एका काकांनी मोबाइल पुढं केला. त्यांच्या बँकेची साइट नातवानं उघडून दिली होती, पण वरच्या पट्टीत नेहमीचं नाव नव्हतं. शेवटी 'डॉट बँक डॉट इन' असं आलं होतं. काका म्हणाले, "ही आपलीच बँक हाय का कुणी खोटी काढलीया?"

बँक खरी होती, आणि काकांचा प्रश्नही रास्त होता. रिझर्व्ह बँकेनं ७ फेब्रुवारी २०२५ ला जाहीर केलं की देशातल्या बँकांना वेगळं, राखीव डोमेन मिळणार. डोमेन म्हणजे साइटचं नाव-पत्ता. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. मोठ्या सरकारी-खासगी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका, सगळ्यांना 'डॉट बँक डॉट इन' वर यायला सांगितलं. हे नाव देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडं आहे. ती रिझर्व्ह बँकेनंच उभी केलेली संस्था. बँकिंगचा परवाना असल्याशिवाय तिथं नाव मिळत नाही. तुम्ही आम्ही कितीही पैसे मोजले तरी नाही.

पण मोबाइलवर येणाऱ्या बाकीच्या लिंकांचं तसं नाही. ज्याच्या शेवटी नुसतं 'डॉट इन' आहे ते नाव कुणीही घेऊ शकतं. कुणीही म्हणजे खरंच कुणीही. खानापूर तालुक्यातला, बिहारमधला, दुबईतला, चीनमधला. डॉट इनला रहिवासाची अट नाही. आपल्याकडं बऱ्याच जणांचा समज असा की इन म्हणजे इंडिया, म्हणजे भारत सरकारनं तपासून दिलेलं. हा समज पैसे बुडवणारा आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. त्यात आमचंही एक दुखणं आहे, ते पुढं सांगतो.

पट्टी उजवीकडून वाचायची

आधी कामाची गोष्ट. लिंक आली की डावीकडून वाचू नका, कारण फसवणारा सगळं गोड गोड डावीकडंच लिहितो. सुरुवातीच्या एचटीटीपीएसपुढच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर पहिली तिरकी रेघ जिथं येते तिथं थांबा आणि तिथून मागं, उजवीकडून डावीकडं वाचा. शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर ते सरकारी. पीएम किसानची खरी साइट पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन. सातबारा बघायची खरी जागा भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. इथं जीओव्ही आणि इन यांच्या मध्ये टिंब आहे, आणि जीओव्हीच्या आधीही टिंब आहे. समजा कुणी जीओव्हीच्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ टाकली, 'अमुक-जीओव्ही डॉट इन', तर ते सरकारी राहत नाही. ते एक साधं डॉट इन नाव झालं, आणि ते विकत घेता येतं. टिंब आणि रेघ यातला फरक उन्हात, तडा गेलेल्या काचेवर, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला दिसत नाही. फसवणारा त्याच्यावरच जगतो.

'पीएम किसान' नावाची एपीके फाइल व्हॉट्सअॅपवर आली तर ती उघडायचीच नाही, हे इथं हजारदा लिहून झालंय. सरकार एपीके पाठवत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. उशीर केला तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

आणखी एक मुद्दा पतसंस्थांचा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावटी पतसंस्था आहेत, त्यात आपलेच पैसे आहेत. पतसंस्थेला 'डॉट बँक डॉट इन' मिळत नाही, कारण ती बँक नाही. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची. तेव्हा पतसंस्थेची साइट साध्या डॉट कॉम किंवा डॉट इनवर असेल तर ती खोटी आहे असं समजू नका. पण त्याच वेळी हेही ध्यानात ठेवा, की बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. कुणी पतसंस्थेला 'आमची बँक' म्हणून जास्त व्याजाचा बोर्ड दाखवत असेल, तर आता तपासायला एक सोपी खूण मिळाली. विचारा, साहेब, तुमची साइट बँक डॉट इन का नाही?

आमच्या बेदाण्याचं काय झालं

आता आमचं दुखणं. २०२१ ला आम्ही घाटमाथ्यावरच्या अकरा शेतकऱ्यांनी गट केला. बेदाणा सौद्यात नुसता बॉक्सनं टाकण्यापेक्षा थोडा माल अर्ध्या किलोच्या पाकिटात घालून स्वतः विकायचा, असा विचार. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला २०१८ ला. मानांकन कागदावर राहू नये, गिऱ्हाईक थेट यावं, म्हणून साइट काढायचं ठरलं. तालुक्यातल्या एका पोरानं ४ हजारात सगळं करून दिलं. नाव, साइट, पहिलं वर्ष, सगळं त्यातच. पाकिटावर आम्ही साइटचा पत्ता छापला, स्कॅन करायचा चौकोनही छापला. दोन हजार पाकिटं एकदम छापली, कारण जास्त छापली की दर कमी पडतो.

दोन वर्षं चाललं. पोरगं वर्षाला पैसे मागायचं, आम्ही द्यायचो. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, पोटामागं गेलं. पण साइटचं नाव त्याच्या स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. मुदत संपत आली तेव्हा इशारे त्याच्याच ईमेलवर गेले. आमच्यातल्या कुणाला काही कळलं नाही. मुदत संपली, सवलतीचे दिवसही संपले, नाव मोकळं झालं आणि कुणीतरी उचललं.

आम्हाला कळलं ते सुरतेच्या एका व्यापाऱ्याच्या फोनवरून. तो म्हणाला, "भाई, तुमच्या पाकिटावरचं स्कॅन केलं तर पत्त्याचा जुगार उघडतोय." मी स्वतः उघडून बघितलं. खरंच. आमच्या बेदाण्याच्या नावावर ऑनलाइन रमी. त्या दिवशी घरात साडेसहाशे छापील पाकिटं शिल्लक होती. बायको, आई आणि दोन पुतणे, चौघांनी बसून काळ्या मार्करनं तो पत्ता आणि चौकोन खोडला. आई विचारत होती, एवढं शाई फासायला आपण काय गुन्हा केलाय.

आम्ही गुन्हा केला नव्हता, पण चूक केली होती. जमीन घेताना आपण पैसे देतो आणि उताऱ्यावर नाव चढलं का ते दहादा बघतो. इथं पैसे आम्ही दिले आणि उतारा बघितलाच नाही. उतारा असतो हेच माहीत नव्हतं.

स्वस्त का मिळतं आणि कुणाला मिळतं

डॉट इनचा कारभार निक्सी या संस्थेकडं आहे. नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, २००३ ला स्थापन झालेली, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान खात्याच्या अखत्यारीतली, नफा न कमावणारी कंपनी. डॉट इन हे टोक मात्र त्याच्याही आधीचं, १९८९ पासूनचं. त्या काळात नाव मिळवणं म्हणजे कागदांचा ढीग आणि कडक नियम. १९९२ ते २००४ या इतक्या वर्षांत देशभरातून साधारण सात हजारच नावं नोंदली गेली होती. २००५ ला सरकारनं दार उघडलं. जानेवारीत आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी दिली आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून सगळ्यांना. तेव्हापासून नियम एकच: जो आधी येईल त्याचं.

या एका नियमात सगळं आलं. तुमच्या गावाचं नाव, तुमच्या यात्रेचं नाव, तुमच्या देवस्थानचं नाव, कुणी राखून ठेवलेलं नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून मानांकन आहे, पण स्ट्रॉबेरी आणि महाबळेश्वर जोडून कुणी दिल्लीवाल्यानं नाव घेतलं तर नोंदणी करताना त्याला कुणी अडवत नाही. मानांकन आणि साइटचं नाव ही दोन वेगळी दप्तरं आहेत, एकाचा दुसऱ्याशी मेळ घातला जात नाही. तुमच्याकडं नोंदलेला ट्रेडमार्क असेल आणि समोरच्यानं वाईट हेतूनं नाव दाबून ठेवलं असेल, तर निक्सीकडं लवादात तक्रार करता येते. आयएनडीआरपी म्हणतात त्याला. पण त्याला शुल्क, वकील, वेळ. अकरा शेतकऱ्यांच्या गटाला ते झेपणारं नाही. आम्ही तर ट्रेडमार्कही केला नव्हता.

केरळात त्रिशूरला माझा चुलतभाऊ गलाईच्या धंद्यात आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण इकडच्या घरटी कुणी ना कुणी सोन्या-चांदीच्या गलाईला बाहेर गेलेला असतो, तसाच. यात्रेला आला तेव्हा म्हणाला, "आपण तिकडं राहतो, आधारवर पत्ता तिकडचा. गावाच्या नावाचं डोमेन मिळंल का?" मिळतं. पत्ता केरळचा असो का काठमांडूचा, डॉट इनला चालतं. ओळख मात्र द्यावी लागते. निक्सीनं नाव घेणाऱ्याची ओळख पडताळणं सक्तीचं केलंय. आधार, पॅन अशा कागदांवर ते होतं, आणि पडताळणी केली नाही तर नाव थांबवलं जाऊ शकतं. म्हणजे माणूस कोण हे विचारतात, कुठं राहतो यावरून अडवत नाहीत. चुलतभावाला हे सांगितल्यावर तो खूश झाला, पण मला तेव्हाच वाटलं की जे त्याला सोपं ते फसवणाऱ्यालाही सोपंच. दुसऱ्याच्या आधारवर सिम निघतं तसं नावही निघत असणार.

आता पैशाचं. पहिल्या वर्षाचा दर जो जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो आमिषाचा असतो. शे-दोनशेत, कधी त्याहून कमी. दुसऱ्या वर्षापासून तोच दर कितीतरी पट होतो, वर १८ टक्के जीएसटी. खत दुकानदार पहिलं पोतं स्वस्तात देऊन नंतर उधारीवर वसूल करतो, तसलाच प्रकार. म्हणून नाव घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघूच नका, 'रिन्यूअल' असं बारीक लिहिलेलं असतं ती बघा. दोन-चार कंपन्यांची तीच तुलना करा. आणि पैसे भरायच्या पानावर आधीच टिक करून ठेवलेल्या गोष्टी काढून टाका: जादा ईमेल, जादा सुरक्षा, साइट बनवायचं यंत्र. शंभराचं नाव बाराशेला पडतं ते यांच्यामुळंच. डॉट इन एकदम १० वर्षांपर्यंत घेता येतं. हातात पैसे असतील तर निदान पाच वर्षांचं भरावं. द्राक्षाचा पैसा येतो तेव्हा भरून टाकायचं, म्हणजे छाटणीच्या खर्चात ते विसरत नाही.

फुकट मात्र घेऊ नका. प्रशांत महासागरात टोकेलाऊ नावाची दीड हजार वस्तीची बेटं आहेत, त्यांचं टोक 'डॉट टीके'. ते नाव जगभर फुकट वाटलं जायचं. झालं काय, तर फसवणाऱ्यांनी तिथंच गर्दी केली. वाटणारी कंपनी फ्रीनॉम. तिच्यावर २०२३ ला फेसबुकवाल्या मेटानं दावा लावला आणि तिनं नवी नोंदणी बंद केली. ज्यांनी फुकटच्या नावावर धंदा मांडला होता ते अडकले. याउलट तुवालू या चिमुकल्या देशानं आपलं 'डॉट टीव्ही' जगाला जणू खंडानं दिलं आणि त्यावर देशाचा खर्च भागवला. टीव्ही म्हणजे टेलिव्हिजन असं लोकांना वाटतं, ते मुळात तुवालूचं टोक आहे.

जिथं रहिवास लागतो

सगळे देश आपल्यासारखे मोकळे नाहीत. शेजारच्या नेपाळात 'डॉट कॉम डॉट एनपी' नाव चक्क फुकट मिळतं, पण नागरिकत्वाचा दाखला किंवा कंपनीचे कागद जोडल्यावर. फुकट असूनही तिथं ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. अमेरिकेच्या 'डॉट यूएस'ला तिथला नागरिक, रहिवासी किंवा तिथं खरा व्यवहार असलेली संस्था लागते. कॅनडाचा नियम साधारण तसाच. आयर्लंडच्या 'डॉट आयई'ला त्या देशाशी तुमचा संबंध काय हे कागदानं दाखवावं लागतं.

हे आपल्याला कशाला, असं वाटेल. पण सांगलीची द्राक्षं युरोपात जातात. माझी भाची डब्लिनला नोकरीला आहे. तिनं एकदा सुचवलं, मामा, बेदाण्याचं नाव 'डॉट ईयू'वर घेऊ, तिकडच्या लोकांना विश्वास वाटतो. तिला ते मिळतं, कारण ती युरोपीय संघात राहते, मग पासपोर्ट भारताचा का असेना. आपल्याला इथून मिळत नाही. पण ती उद्या परत आली तर? तेव्हा हक्क संपला. इंग्लंडच्या लोकांचं हेच झालं. त्यांचा देश संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या हजारो लोकांची डॉट ईयू नावं बंद पडली. वर्षानुवर्षं पैसे भरलेले, पाट्यांवर छापलेले पत्ते. बदल त्यांनी केला नव्हता, सरकारनं केला होता, पण नाव त्यांचं गेलं.

अशा देशांसाठी पत्ता भाड्यानं देणाऱ्या कंपन्या असतात. वर्षाला काही रक्कम घ्यायची आणि स्वतःचा तिथला पत्ता, कधी स्वतःचं नावही तुमच्या डोमेनला लावायचं. काही देशांत नुसता स्थानिक संपर्क पत्ता मागतात, तिथं ही सोय नियमात बसते. पण जिथं मालकच तिथला हवा असतो, तिथं कागदावर मालक ती कंपनी होते. मला यात आमच्या पोराचीच गोष्ट दिसते, फक्त परदेशात आणि महाग दरानं. भाचीला मी नको म्हणालो. तिला राग आला असावा, पण पाकिटावर छापायचा पत्ता मला परत असा नको, जो कुणाच्या नोकरीवर अवलंबून आहे.

मराठी नाव मराठीत

'डॉट भारत' या टोकाविषयीही विचारणा होते. २७ ऑगस्ट २०१४ ला ते देवनागरीत सुरू झालं, हिंदीबरोबर मराठी, कोकणीसाठीही. आता इतर भारतीय लिप्यांतही आहे. गावाचं नाव मराठी अक्षरांत लिहून पुढं टिंब आणि भारत. ऐकायला छान वाटतं. मी एक नाव घेऊन बघितलं. साइट उघडते. पण व्हॉट्सअॅपवर कॉपी करून टाकलं की काही ठिकाणी एक्सएन आणि दोन आडव्या रेघा, पुढं इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. संगणक आतून ते तसंच वाचतो. हा असला पत्ता बघून आमच्या गटातल्या एकानं मलाच विचारलं, व्हायरस तर नाही ना. शिवाय कितीतरी ऑनलाइन फॉर्म असा ईमेल पत्ता घेतच नाहीत. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण धंद्याचं एकमेव नाव म्हणून आज ते घेऊ नये. डॉट इनच्या जोडीला घ्यावं.

ग्रामपंचायतींनी हे वाचावं

माझ्या आमच्या गटापेक्षा मोठी काळजी ग्रामपंचायतींची आहे. अलीकडं गावोगावी ग्रामपंचायतीच्या साइट झाल्या. चांगली गोष्ट आहे. बातमीसाठी मी बऱ्याच उघडून बघतो. काही डॉट कॉमवर, काही डॉट इनवर, काही डॉट ऑर्गवर. बनवणारा एकच, तालुक्याला दहा-वीस गावं धरून काम करणारा. नाव कुणाच्या खात्यात आहे असं विचारलं की ग्रामसेवक म्हणतात ऑपरेटरला माहीत, ऑपरेटर म्हणतो साइटवाल्याला माहीत. आणि त्या साइटवर घरपट्टी-पाणीपट्टी भरायचा क्यूआर कोड लावलेला असतो.

आता आमची रमी आठवा. उद्या असलं नाव सुटलं आणि कुणी उचललं, साइट हुबेहूब तशीच ठेवली, फक्त क्यूआर बदलला, तर गावाची पाणीपट्टी कुठं जाईल? गावकऱ्यांना काही वेगळं दिसणारच नाही. मोबाइलच्या पट्टीत तेच जुनं नाव असेल. अशी घटना आपल्याकडं घडल्याचं मी म्हणत नाही. दार उघडं आहे एवढं म्हणतो.

ग्रामपंचायत ही स्वराज्य संस्था आहे, खासगी दुकान नाही. 'डॉट जीओव्ही डॉट इन' हे सरकारी संस्थांसाठी राखीव आहे आणि अधिकाऱ्याच्या पत्राशिवाय मिळत नाही. ते मोकळं होऊन जुगारवाल्याच्या हाती पडत नाही. सातारा-सांगलीत एनआयसीची जिल्हा कार्यालयं आहेत, जिल्हा परिषद आहे. गावाच्या साइटला सरकारी टोक कसं मिळेल हे एकेका सरपंचानं विचारत बसण्यापेक्षा जिल्हा परिषदेनंच एकदा सगळ्यांसाठी ठरवावं. तोवर जिथं खासगी नाव आहे तिथं मासिक सभेत ठराव घ्यावा. नाव ग्रामपंचायतीच्या नावावर, ईमेल कार्यालयाचा, मोबाइल कार्यालयाचा, मुदत संपायची तारीख ठरावात लिहिलेली, पासवर्ड पदभार देताना दप्तराबरोबर द्यायचा. सरपंच बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते, ऑपरेटर सोडून जातो. दप्तर जात नाही.

उतारा कसा बघायचा

रजिस्ट्री डॉट इन ही डॉट इन नोंदणीची साइट. तिथं 'हू-इज' म्हणून शोध आहे. तुमचं नाव टाका. कोणत्या कंपनीकडून घेतलंय, कधी घेतलं आणि मुदत कधी संपते ते कळतं. मालकाचा फोन-ईमेल तिथं आता सहसा झाकलेला असतो, तेव्हा पुढचा प्रश्न बनवणाऱ्यालाच विचारायचा: खातं कुणाच्या ईमेलवर आहे? त्याच्या असेल तर भांडण न करता सांगायचं, माझ्या नावाचं खातं काढतो, त्यात सरकव. एकाच कंपनीत असेल तर आतल्या आत सरकतं. दुसऱ्या कंपनीत न्यायचं असेल तर ट्रान्सफरचा कोड मागायचा. तो कोड देणं त्याला अवघड नसतं, दोन मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ करायला लागला तर समजून जा. आणि हे सगळं मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी करायचं, आदल्या रात्री नाही.

साइट बनवणाऱ्या पोरांवर माझा रोष नाही. आपल्याच भागातली पोरं आहेत, त्यांना काम मिळालं पाहिजे. त्यांना साइट बनवायचे पैसे द्या, दरवर्षी सांभाळायचेही द्या. नाव तेवढं स्वतः घ्या, आपल्या मोबाइलवर ओटीपी येईल असं. दहावी झालेलं घरातलं कुठलंही पोरगं पाऊण तासात ते करतं. माझ्या पुतण्यानं केलं.

आमच्या गटानं आता नवं नाव घेतलंय, शेवटी डॉट इनच, पाच वर्षांचं. खातं गटाच्या ईमेलवर आहे, पासवर्ड तिघांकडं आहे, मुदतीची तारीख ठरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलीय. जुनं नाव अजून त्या रमीवाल्याकडंच आहे. मी महिन्यातून एकदा हू-इजवर त्याची मुदत बघतो. त्यानं सोडलं तर परत घ्यायचं ठरलंय, कारण खोडायच्या आधीच जी साडेतेराशे पाकिटं विकली गेली, ती कुणाकुणाच्या फडताळात अजून पडली असतील आणि त्यांच्यावरचा पत्ता आम्हाला खोडता येत नाही.